टकर कार्लसन आणि फॉक्स न्यूज यांची फारकत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील केबल वृत्तवाहिन्यांचे राजकारण आपल्याकडे बहुधा तुकड्यातुकड्यांनी पोहोचते. त्यामुळे २०२३ मधील या घटनेविषयी तेच ते प्रश्न आजही येत राहतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तो पुन्हा न मांडता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. निवेदने आणि न्यायालयीन कागद यांतून आलेली माहिती एकीकडे आणि वृत्तपत्रांनी सूत्रांच्या हवाल्याने छापलेली माहिती दुसरीकडे, हा भेद मात्र सर्वत्र पाळला आहे. कारण या प्रकरणातील बहुतेक घोळ तो भेद न पाळल्यामुळे झालेला आहे.

१. नेमके काय घडले आणि कधी?

सोमवार, २४ एप्रिल २०२३ रोजी सकाळी, म्हणजे न्यूयॉर्कच्या सकाळी, फॉक्स न्यूजने एक अगदी छोटे निवेदन प्रसिद्ध केले. कंपनी आणि टकर कार्लसन यांनी परस्परांपासून वेगळे होण्याचे ठरवले आहे, त्यांनी आधी भाष्यकार आणि नंतर सूत्रसंचालक म्हणून केलेल्या सेवेबद्दल कंपनी आभारी आहे आणि शेवटचा भाग शुक्रवारी, २१ एप्रिलला प्रसारित झाला आहे, एवढाच त्याचा आशय होता. त्या शुक्रवारच्या भागाच्या शेवटी कार्लसन यांनी पोलिसांपासून पळणाऱ्या संशयिताला पाय आडवा घालून पाडणाऱ्या एका पिझ्झा पोहोचवणाऱ्यासोबत कॅमेऱ्यासमोर पिझ्झा खाल्ला होता आणि सोमवारी पुन्हा भेटू, असे सांगून प्रेक्षकांचा निरोप घेतला होता. तो सोमवार आला, पण त्या खुर्चीवर दुसरेच कोणी बसले होते.

२. हे कार्लसन कोण? एका निवेदकाच्या जाण्याची एवढी चर्चा का झाली?

१९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले कार्लसन मूळचे लिहिणारे पत्रकार. दूरचित्रवाणीवर त्यांनी अमेरिकेतील तिन्ही मोठ्या केबल वृत्तवाहिन्यांचे पाणी चाखले आहे. सीएनएनवर ते ‘क्रॉसफायर’ या वादाच्या कार्यक्रमात उजव्या बाजूने बसत. ऑक्टोबर २००४ मध्ये विनोदकार जॉन स्ट्युअर्ट यांनी त्याच कार्यक्रमात येऊन, तुम्ही जे करता त्याने देशाचे नुकसान होते, असे तोंडावर सुनावले आणि पुढच्याच वर्षी सीएनएनने कार्लसन यांचा करार वाढवला नाही. नंतर एमएसएनबीसीवर त्यांचा कार्यक्रम तीन वर्षे चालला आणि २००८ मध्ये बंद पडला. २००९ मध्ये ते फॉक्स न्यूजवर भाष्यकार म्हणून आले, २०१० मध्ये त्यांनी एका भागीदारासह ‘द डेली कॉलर’ हे संकेतस्थळ काढले आणि १४ नोव्हेंबर २०१६ रोजी, ट्रम्प निवडून आल्यानंतर आठवड्याभरात, ‘टकर कार्लसन टुनाइट’ सुरू झाला.

पाच महिन्यांत हा कार्यक्रम सातवरून नऊला आणि नऊवरून आठला आला. रात्री आठ ही फॉक्सची सर्वांत मोलाची वेळ आहे (आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच किंवा साडेसहा वाजलेले असतात). २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत रोज सरासरी ४३ लाखांहून अधिक लोक हा कार्यक्रम पाहत होते आणि तोवर केबल वृत्तवाहिन्यांच्या इतिहासात एवढी सरासरी कोणत्याच कार्यक्रमाला मिळाली नव्हती. मात्र चर्चा केवळ आकड्यांमुळे झाली नाही. रिपब्लिकन पक्षाचे लोकप्रतिनिधी आदल्या रात्री कार्लसन काय बोलले हे पाहून दुसऱ्या दिवशी भूमिका घेत, अशी त्यांची पत होती. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये त्यांचे सुमारे १,१५० भाग तपासून असे दाखवले की, ४०० हून अधिक भागांत त्यांनी एक कल्पना मांडली होती : स्थलांतरितांना आणून अमेरिकेतील मूळ मतदार बदलण्याचा सत्ताधाऱ्यांचा डाव आहे. चाहत्यांच्या मते हा माणूस निर्भीड होता, तर विरोधकांच्या मते तो वंशद्वेषाला सभ्य पोशाख चढवणारा होता. मधल्या मताचे लोक फारसे उरले नव्हते.

३. त्यांनी राजीनामा दिला की त्यांना काढले?

निवेदनातील ‘परस्परसंमतीने’ हा सूर शब्दशः घेऊ नये. ज्याला शुक्रवारी सोमवारच्या भागाची खात्री होती आणि ज्याला निरोपाचा एकही भाग करू दिला गेला नाही, तो स्वखुशीने गेला असे म्हणणे अवघड आहे. त्यांच्या कार्यक्रमाचे वरिष्ठ निर्माते जस्टिन वेल्स यांनाही त्याच वेळी दूर करण्यात आले. निर्णय कंपनीचे मुख्य कार्यकारी लॅकलन मर्डॉक आणि फॉक्स न्यूजच्या प्रमुख सुझॅन स्कॉट यांनी घेतल्याचे बहुतेक प्रमुख वृत्तपत्रांनी दिले आहे. तरीही ‘नोकरीवरून काढले’ हा शब्दप्रयोग कायद्याच्या दृष्टीने नेमका नाही. त्यातली गोम प्रश्न १२ मध्ये आहे.

४. मग खरे कारण काय?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, फॉक्सने कारण कधीच जाहीर केले नाही. जी कारणे सांगितली जातात, ती सारी बाहेरून जोडलेली आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही.

पहिले कारण डोमिनियन कंपनीचा अब्रुनुकसानीचा दावा (प्रश्न ५). तो मिटल्यापासून सहाव्या दिवशी कार्लसन गेले, त्यामुळे हा धागा जोडला जाणे स्वाभाविक होते. दुसरे कारण अ‍ॅबी ग्रॉसबर्ग या त्यांच्या कार्यक्रमातील माजी निर्मातीने मार्च २०२३ मध्ये दाखल केलेले दावे. कार्यक्रमाच्या चमूत स्त्रियांविषयी आणि ज्यूंविषयी हिणकस वातावरण होते, असा त्यांचा आरोप होता. फॉक्सने तो नाकारला, पण जूनअखेर १ कोटी २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. तिसरे कारण ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरील, म्हणजे अमेरिकी संसदभवनावरील, हल्ल्याचे त्यांनी केलेले चित्रण. मार्च २०२३ मध्ये सभापती केव्हिन मॅकार्थी यांनी दिलेल्या हजारो तासांच्या चित्रफितींतील निवडक तुकडे दाखवून त्यांनी त्या दिवसाचे स्वरूप सौम्य असल्याचे सुचवले. त्यावर सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनीही जाहीर नापसंती व्यक्त केली.

चौथे कारण मला अधिक बोलके वाटते. दाव्याच्या निमित्ताने कार्लसन यांचे खासगी संदेश वकिलांच्या हाती लागले आणि त्यांत आपल्याच कंपनीतील वरिष्ठांविषयी अत्यंत असभ्य भाषा होती. न्यूयॉर्क टाइम्सने मे २०२३ मध्ये त्यांतील आणखी एक संदेश छापला. तो हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता. ट्रम्पसमर्थकांचा जमाव एका तरुणाला मारताना पाहून आपल्यालाही तो मेला तर बरे असे क्षणभर वाटले, अशी त्यात कबुली होती, आणि गोरे लोक अशा रीतीने लढत नाहीत, असा शेराही होता. हा संदेश खटल्याच्या तोंडावर संचालक मंडळापर्यंत पोहोचला आणि तिथे खळबळ उडाली, असे त्या वृत्तपत्राचे म्हणणे होते. हे सूत्रांच्या हवाल्याने आलेले आहे, हे विसरू नये.

माझे स्वतःचे अनुमान असे : पडद्यावर ते जे बोलत, ते सहा वर्षे चालत आले होते. २०२१ मध्ये ज्यूंच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँटी-डिफेमेशन लीगने त्यांच्या हकालपट्टीची मागणी केली, तेव्हा लॅकलन मर्डॉक यांनी त्यांची पाठराखण केली होती. एप्रिल २०२३ मध्ये विचार बदलले नव्हते. पडद्यामागचे बोलणे मालकांच्या टेबलावर आले होते, एवढाच काय तो फरक. त्यामुळे ‘विचारांसाठी बळी’ ही चाहत्यांची मांडणी आणि ‘विचारांची शिक्षा’ ही विरोधकांची मांडणी, या दोन्ही मला सारख्याच कच्च्या वाटतात.

५. डोमिनियनचा खटला नेमका काय होता?

डोमिनियन व्होटिंग सिस्टिम्स ही मतदान यंत्रे पुरवणारी कंपनी. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ट्रम्प हरल्यानंतर या यंत्रांनी मते फिरवली, असा आरोप त्यांच्या वकिलांनी फॉक्सच्या अनेक कार्यक्रमांत केला. मार्च २०२१ मध्ये डोमिनियनने डेलावेअर राज्याच्या न्यायालयात १६० कोटी डॉलरचा दावा लावला.

अमेरिकेत अब्रुनुकसानीचा दावा जिंकणे महाकठीण असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ मधील सलिव्हन निकालानुसार, सार्वजनिक व्यक्तीविषयीचे विधान खोटे होते एवढे सिद्ध करून भागत नाही; ते खोटे आहे हे ठाऊक असताना, किंवा खरेखोटे न पाहता बेदरकारपणे ते केले गेले, हे दाखवावे लागते. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात काय होते याचा पुरावा हवा. तो पुरावा येथे ईमेल आणि मोबाइल संदेशांच्या रूपाने सापडला. दाव्याच्या सुनावणीपूर्वी दोन्ही पक्षांना परस्परांचा पत्रव्यवहार मागवता येतो. त्या टप्प्यावर असे उघड झाले की, जे आरोप पडद्यावर होऊ दिले जात होते, त्यांची फॉक्समधले अनेक जण खासगीत टर उडवत होते. ३१ मार्च २०२३ रोजी न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी डोमिनियनविषयीची ती विधाने खोटी असल्याचे निःसंदिग्धपणे नोंदवले आणि ज्यूरीपुढे केवळ हेतूचा आणि भरपाईचा प्रश्न ठेवला. १८ एप्रिलला ज्यूरी बसली, वकिलांची सुरुवातीची भाषणे होणार, एवढ्यात ७८ कोटी ७५ लाख डॉलरवर तडजोड झाली. अमेरिकेतील माध्यमकंपनीने अब्रुनुकसानीपोटी मान्य केलेली, जाहीरपणे ज्ञात असलेली तोवरची ही सर्वांत मोठी रक्कम होती.

६. तडजोड झाली म्हणजे फॉक्सने खोटेपणा कबूल केला का?

पूर्णपणे नाही. डोमिनियनविषयीचे काही दावे खोटे ठरवणाऱ्या न्यायालयाच्या निर्णयाची आपण नोंद घेतो, एवढेच फॉक्सचे निवेदन म्हणत होते. पडद्यावर माफी मागण्याची अट नव्हती. कबुली आणि नोंद यांतील हे अंतर वकिलांनी विचारपूर्वक राखले होते.

७. त्यांना काढणे ही तडजोडीचीच अट होती, असे वाचले. खरे आहे का?

कार्लसन यांच्या बाजूने हा दावा पुढे आला. फॉक्स आणि डोमिनियन या दोघांनीही तो नाकारला. जे दोन पक्ष आदल्या आठवड्यापर्यंत न्यायालयात समोरासमोर उभे होते, ते एकाच गोष्टीचा एकमुखाने इन्कार करतात तेव्हा त्या इन्काराला थोडे अधिक वजन द्यावे लागते. शिवाय एक बारकावा लक्षात घ्यावा : डोमिनियनने आक्षेप घेतलेल्या विधानांत कार्लसन यांच्या कार्यक्रमातील एकच प्रसंग होता, जानेवारी २०२१ मधील उशीविक्रेते माइक लिंडेल यांची मुलाखत. मुख्य भार लू डॉब्स, मारिया बार्टिरोमो आणि जनीन पिरो यांच्या कार्यक्रमांवर होता. नोव्हेंबर २०२० मध्ये तर कार्लसन यांनीच, ट्रम्प यांच्या वकील सिडनी पॉवेल वारंवार विचारूनही पुरावा देत नाहीत, असे पडद्यावरून सांगितले होते आणि त्याबद्दल प्रेक्षकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

८. ते तर ट्रम्प यांचे कट्टर समर्थक होते. मग ट्रम्प यांच्याविषयी तिटकारा व्यक्त करणारे संदेश खरे कसे?

संदेश खरे आहेत. ते न्यायालयीन कागदपत्रांतून बाहेर आले. ४ जानेवारी २०२१ च्या संदेशात कार्लसन यांनी, लवकरच बहुतेक रात्री ट्रम्प यांच्याकडे दुर्लक्ष करता येईल, याची आपण वाट पाहत आहोत आणि आपल्याला त्यांचा मनस्वी तिटकारा आहे, असे लिहिले होते. हे उघड झाल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी ट्रम्प यांची मोठी मुलाखत घेतली आणि ट्रम्प यांनीही ती दिली. दोघांनाही परस्परांची गरज होती, यापलीकडे या मैत्रीचा खुलासा शोधण्यात अर्थ नाही.

९. वाहिनीचा एवढा लोकप्रिय चेहरा काढून टाकणे आर्थिकदृष्ट्या वेडेपणाचे नव्हते का?

आपल्याकडे वाहिनीचा धंदा मुख्यतः जाहिरातींवर चालतो, म्हणून हा प्रश्न पडतो. अमेरिकेत केबल कंपनी प्रत्येक जोडणीमागे वाहिनीला दरमहा ठरावीक रक्कम देते. घरातले लोक ती वाहिनी पाहतात की नाही, याचा त्याच्याशी संबंध नसतो. फॉक्स न्यूजच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग या शुल्कातून येतो आणि त्याचे करार काही वर्षांसाठी एकदम होतात. प्रेक्षक वाहिनीला चिकटलेले आहेत, हे त्या वाटाघाटींत दाखवावे लागते, हे खरे. पण ते एकाच माणसाला चिकटलेले असावेत, हे मालकाला कधीच परवडत नाही.

जाहिरातींच्या बाजूने तर कार्लसन यांचा कार्यक्रम दिसतो तेवढा कमाऊ नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये स्थलांतरितांमुळे देश अधिक गरीब आणि घाणेरडा होतो, असे विधान त्यांनी केल्यानंतर मोठे जाहिरातदार गळू लागले, २०२० मध्ये आणखी गेले आणि त्या जागी उशा विकणारे लिंडेल यांच्यासारखे जाहिरातदार आले. प्रश्न ७ मधील मुलाखत याच लिंडेल यांची. २०२२ मध्ये एकूण प्रेक्षकसंख्येत कार्लसन यांच्यापेक्षा संध्याकाळी पाचचा ‘द फाइव्ह’ हा गप्पांचा कार्यक्रम किंचित पुढे गेला होता आणि तिथे जाहिरातदार बिनदिक्कत येत.

तोटा झालाच नाही असे मात्र नव्हे. घोषणेच्या दिवशी फॉक्स कॉर्पोरेशनच्या समभागाचा भाव सुमारे ३ टक्क्यांनी उतरला. प्रेक्षकांचे काय झाले, ते प्रश्न १३ मध्ये पाहावे.

१०. हा भाषणस्वातंत्र्यावर घाला नव्हता का?

अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती नागरिकाला सरकारपासून संरक्षण देते, मालकापासून नाही. खासगी कंपनीने आपल्या पडद्यावर कोणाला बसवावे, हा तिचा स्वतःच्या अभिव्यक्तीचा भाग मानला जातो.

यालाच जोडून विचारला जाणारा उपप्रश्न असा की, सरकारने परवाना रद्द करण्याची धमकी दिली असती तर? फॉक्स न्यूज ही केबलवाहिनी असल्यामुळे तिला आकाशलहरींचा परवानाच लागत नाही. दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन घालणारा अमेरिकेतील जुना नियम परवानाधारक प्रक्षेपकांपुरता होता आणि तोही १९८७ मध्ये रद्द झाला. त्यानंतरच या प्रकारच्या निवेदकांचे पीक आले, हे पुष्कळ अभ्यासकांनी नोंदवले आहे.

११. ‘कार्लसन यांचे बोलणे कोणी शहाणा माणूस खरे मानत नाही’ असे न्यायालयानेच म्हटल्याचे फिरते. ते बनावट आहे का?

बनावट नाही, पण अर्धवट आहे. ट्रम्प यांच्याशी संबंध असल्याचे सांगणाऱ्या कॅरन मॅक्डूगल यांनी फॉक्सवर अब्रुनुकसानीचा दावा लावला होता, कारण कार्लसन यांनी डिसेंबर २०१८ मध्ये त्यांच्या वर्तनाची तुलना खंडणीशी केली होती. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायाधीश मेरी के व्हिस्कोसिल यांनी तो फेटाळला. त्यांचे म्हणणे असे की, कार्यक्रमाचा एकूण सूर अतिशयोक्तीचा आहे, त्यामुळे समजूतदार प्रेक्षक ती विधाने शब्दशः वस्तुस्थिती म्हणून घेणार नाही. हा युक्तिवाद कार्लसन यांच्या शत्रूंनी नव्हे, तर फॉक्सच्याच वकिलांनी केला होता. तो त्या विशिष्ट विधानांपुरता होता. त्यांचे सगळेच बोलणे खोटे आहे, असा निर्णय त्यातून निघत नाही. आणि अशी ढाल प्रत्येक वेळी चालत नाही, हे प्रश्न ५ मधील निकालाने दाखवले.

१२. त्यांचा करार शिल्लक होता, तर ते लगेच ट्विटरवर कार्यक्रम कसा करू लागले?

इथे प्रश्न ३ मधली गोम येते. फॉक्सने त्यांचा कार्यक्रम बंद केला, पण करार मोडला नाही. तो २०२४ च्या अखेरीपर्यंत होता आणि वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर मानधन चालू होते, असे वृत्त होते. अशा करारात कंपनी पैसे देत राहते, पडद्यावर आणत नाही आणि दुसरीकडे जाऊही देत नाही. जवळ येणाऱ्या निवडणुकीच्या वर्षात एखाद्याला गप्प बसवण्याचा हा सर्वांत महाग, पण सभ्य मार्ग. कार्लसन यांनी मे २०२३ मध्ये ट्विटरवर कार्यक्रम करण्याचे जाहीर केले आणि ६ जूनला पहिला भाग टाकला. दुसऱ्याच दिवशी फॉक्सच्या वकिलांनी करारभंगाचे पत्र पाठवले, असे अ‍ॅक्सिऑस या वृत्तसंकेतस्थळाने दिले. कार्लसन यांच्या वकिलांनी उत्तरादाखल भाषणस्वातंत्र्याचाच आधार घेतला. डोमिनियनच्या दाव्यात तोच आधार फॉक्स स्वतःसाठी घेत होती, हा विनोद दोन्हीकडच्या वकिलांच्या लक्षात आला असेलच.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी फॉक्सने मिल्वॉकी येथे अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन इच्छुकांचा पहिला वादविवाद भरवला. ट्रम्प तिथे गेले नाहीत. नेमक्या त्याच वेळी कार्लसन यांनी घेतलेली त्यांची मुलाखत ट्विटरवर, म्हणजे तोवर ‘एक्स’ झालेल्या मंचावर, प्रसिद्ध झाली.

१३. त्यांच्या जागी कोण आले आणि प्रेक्षक टिकले का?

सुरुवातीला ब्रायन किल्मीड आणि इतर सहकारी आळीपाळीने बसले. तीस लाखांवर असलेला प्रेक्षक पहिल्या सोमवारी सुमारे २६ लाखांवर आणि बुधवारपर्यंत तेरा लाखांच्या आसपास घसरला; काही जण न्यूजमॅक्स या अधिक उजव्या वाहिनीकडे गेले. १७ जुलै २०२३ पासून आठची वेळ जेसी वॉटर्स यांना मिळाली. पुढे वाहिनीचा प्रेक्षक परतला आणि २०२४ च्या निवडणुकीच्या काळात फॉक्स न्यूज पुन्हा निर्विवाद पहिली होती. वेळ वाहिनीची असते, हे मर्डॉक यांचे जुने गणित पुन्हा एकदा बरोबर आले.

१४. त्याच दिवशी सीएनएनने निवेदक डॉन लेमन यांना काढले. दोन्हींचा संबंध होता का?

नाही. स्त्रियांच्या ऐन उमेदीच्या वयाविषयी फेब्रुवारी २०२३ मध्ये केलेल्या विधानामुळे लेमन आधीच अडचणीत होते. आपल्याला हे एजंटकडून कळले, असे त्यांनी लिहिले आणि सीएनएनने ते खोडून काढले. दोन घोषणांत तासाभराचेही अंतर नव्हते, म्हणून त्या कायमच्या जोडल्या गेल्या आहेत.

१५. फॉक्समधून असा मोठा चेहरा पहिल्यांदाच गेला का?

मुळीच नाही. ग्लेन बेक २०११ मध्ये गेले आणि त्यांनी स्वतःची वाहिनी काढली. बिल ओरायली वीस वर्षे फॉक्सचा कणा होते. लैंगिक छळाच्या तक्रारी मिटवण्यासाठी पाच स्त्रियांना सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर दिले गेल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने एप्रिल २०१७ मध्ये उघड केले आणि त्याच महिन्यात ते गेले. आठची जी खुर्ची कार्लसन यांना मिळाली, ती त्यांचीच. लू डॉब्स यांचा कार्यक्रम फेब्रुवारी २०२१ मध्ये, स्मार्टमॅटिक या दुसऱ्या मतदानयंत्र कंपनीने २७० कोटी डॉलरचा दावा लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद झाला. कार्लसन यांचे वेगळेपण एवढेच की, कंपनीने कारणाचा एक शब्दही उच्चारला नाही.

१६. हे मर्डॉक म्हणजे आपले ‘स्टार’वालेच का?

होय, म्हणजे एकेकाळचे. रुपर्ट मर्डॉक यांनी १९९३ पासून स्टार वाहिन्यांचा ताबा घेतला. वृत्तवाहिनीतील परकीय भांडवलावर २६ टक्क्यांची मर्यादा आल्यामुळे स्टार न्यूजसाठी आनंद बाजार पत्रिका समूहाशी भागीदारी झाली आणि २००७ मध्ये सुरू झालेली ‘स्टार माझा’ ही मराठी वाहिनी त्याच भागीदारीतून आली. २०१२ मध्ये स्टारने आपले नाव काढून घेतले आणि ती ‘एबीपी माझा’ झाली. मनोरंजनाच्या स्टार वाहिन्या २०१९ च्या व्यवहारात डिस्नेकडे गेल्या. फॉक्स न्यूज मात्र मर्डॉक कुटुंबाने स्वतःकडे ठेवली. रुपर्ट मर्डॉक यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये, कार्लसन प्रकरणानंतर पाच महिन्यांनी, अध्यक्षपद लॅकलन यांच्याकडे सोपवत असल्याचे जाहीर केले.

१७. मुंबईच्या रेल्वे स्थानकाविषयी बोलणारे ते हेच का?

हेच. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले, त्या रात्री कार्लसन यांनी ब्रिटिश साम्राज्याची भलामण केली आणि स्वातंत्र्याच्या पंचाहत्तर वर्षांत भारताने ब्रिटिशांनी बांधलेल्या मुंबईच्या स्थानकाइतकी सुंदर एकही इमारत उभारली नाही, असे विधान केले. शशी थरूर यांनी त्याचा खरपूस समाचार घेतला. आपल्याला त्यावर एवढेच म्हणता येईल की, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ पासून सुमारे दहा वर्षे बांधले जात होते, आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा असला तरी नक्षीकामात सर जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता आणि ज्या रेल्वे कंपनीचे ते मुख्यालय, तिच्या भागधारकांच्या नफ्याची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिली गेली होती. या विधानाचा त्यांच्या जाण्याशी काहीही संबंध नव्हता. अमेरिकेत त्याची फारशी दखलही घेतली गेली नाही.

१८. आपल्याकडच्या अर्णब गोस्वामी किंवा रवीश कुमार यांच्या जाण्याशी तुलना करता येईल का?

बाह्य रूपापुरती येईल. गोस्वामी यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये टाइम्स नाऊ सोडली आणि मे २०१७ मध्ये मुंबईतून रिपब्लिक सुरू केली. म्हणजे ते स्वतः मालक झाले. रवीश कुमार यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूह एनडीटीव्हीचा ताबा घेत असताना राजीनामा दिला आणि ते यूट्यूबकडे वळले. तिथे मालकी बदलत होती. कार्लसन यांच्या बाबतीत मालक तोच राहिला आणि ज्याने वाढवले त्यानेच दूर केले.

खरा फरक कागदपत्रांचा आहे. पडद्यावरचे आणि पडद्यामागचे बोलणे शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी अमेरिकेत एका दिवाणी दाव्यामुळे मिळाली. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये गोस्वामी यांचे व्हॉट्सअ‍ॅप संवाद बाहेर आले, ते मुंबई पोलिसांच्या टीआरपी प्रकरणातील आरोपपत्रातून. तो खटला पुढे मागे घेण्यात आला. अब्रुनुकसानीचा दिवाणी दावा आपल्याकडे वर्षानुवर्षे रखडतो आणि तोवर संबंधितांचे फोनही बदललेले असतात.

१९. आता ते काय करतात?

डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी वर्गणीवर चालणारे ‘टकर कार्लसन नेटवर्क’ सुरू केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉस्कोत जाऊन व्लादिमिर पुतिन यांची दोन तासांची मुलाखत घेतली, जिचा पहिला अर्धा तास पुतिन यांनी नवव्या शतकापासूनचा रशियाचा इतिहास सांगण्यात घालवला. जुलै २०२४ मध्ये ते रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात व्यासपीठावर होते. २०२५ मध्ये इराणवरील हल्ल्याच्या प्रश्नावर त्यांनी ट्रम्प यांनाही विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये उघड ज्यूद्वेष्टे भाष्यकार निक फ्युएन्टेस यांची मवाळ मुलाखत घेतल्यामुळे पक्षातच भांडण जुंपले. फॉक्सवर असते तर वकिलांनी ती मुलाखत आधी पाहिली असती.